मागच्या चाकांत छत्तीस

मामा, तुला जाऊन अकरा दिवस झाले नाहीत, तोवर लोकांनी तुझ्या मरणाचं खापर तुझ्या टायरांवर फोडलं सुद्धा. काल पुण्यानुमोदनाला आलेला एक पाव्हणा मांडवात खिरीची वाटी हातात घेऊन सगळ्यांना सांगत होता, "एवढाले टायर लावायचे आन् हायवेवर धडधड धडधड गाडी पळवायची. आतडी हलतेत माणसाची. काळीज टिकंल का?" मी पाणी वाढत होते. जग घेऊन तशीच त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "पाव्हणं, खीर गोड झाली का? मग खीर खावा. टायरातलं बोलू नका." मामीनं मागून दंडाला चिमटा काढला. काढू दे. तू असतास तर हसला असतास आणि मग मलाच दटावलं असतंस, "सुजे, तोंड लई चालून राहिलं तुझं."

चालणारच. तूच चालवायला शिकवलंस.

लहानपणापासून मी तुला अरे-तुरेच करत आले. मामीला ते कधी आवडलं नाही. "दुकानात गिऱ्हाईक असतेत गं, मामाला अहो म्हणावं," ती म्हणायची. तू म्हणायचास, "अहो म्हणून मनात शिव्या देण्यापरीस अरे म्हणून तोंडावर देती, बरं हाय की." तर मी आजही अरेच म्हणणार. मेलास म्हणून अहो-जाहो मिळेल असं समजू नकोस.

जेवणं उरकल्यावर खरा विषय निघाला. तुझ्या प्रशांतनं काढला. तुझा पोरगा वाईट नाही, पुण्याला नोकरी करतो, आईला सोबत नेतो म्हणतो. पण तो म्हणाला, "सुजाताताई, धर्माबादचा एक जण जीप मागून राहिलाय. त्याला वरातीला पाहिजे. फक्त हे मोठे टायर काढून साधे बसवा म्हणतो. मी परवा निघणार, त्याच्या आत उरकून टाकू." सगळ्यांनी माना हलवल्या. उन्हाळा लागलेला, नदी कोरडी, नदीपलीकडच्या वस्तीत तुझ्या जीपशिवाय पाण्याचा थेंब जात नाही, आणि इथं तिला झेंडूच्या माळा घालून नवरदेव बसवायची तयारी. माझं डोकंच फिरलं. "जीप कुठं जाणार नाही आणि टायरही निघणार नाहीत," मी म्हटलं. प्रशांत शांतपणे म्हणाला, "मग चालवणार कोण?"

"मी."

मांडवातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. ते बघणं मला ओळखीचं होतं. आयटीआय करून तुझ्या हायवेवरच्या टायरच्या दुकानात पहिल्यांदा मी पाना हातात घेतला तेव्हा ट्रकवाले असेच बघायचे. एकानं तर चाक तिच्या हातात देऊ नको म्हणून तुला बजावलं. तू त्याचं अर्धं खोललेलं चाक तसंच सोडलंस आणि बाजेवर जाऊन आडवा झालास. "तीच करंल, न्हाईतर पुढं देगलूरात दुकानं लई हायत. तीन चाकांवर जा." तो तासभर उन्हात उभा राहिला आणि शेवटी माझ्याकडूनच चाक बसवून गेला. त्या दिवशी तुला काय वाटलं ते तू बोलला नाहीस. मीही आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती, आणि त्याचा मला आज राग येतो. तुझाही आणि माझाही.

टायर आले त्या उन्हाळ्याचं सांगते, कारण काल मांडवात बसलेल्यांपैकी अर्धे ते विसरलेत. मी तेव्हा लातूरला आयटीआयला होते. लातुरात नळ कोरडे पडलेले, हॉस्टेलनं पोरींना घरी जा म्हणून सांगून टाकलं. मी पेटी घेऊन फाटकात उभी, तर तू जीप घेऊन हजर. मागं चार टायर एकावर एक रचलेले, माझ्या छातीला लागतील एवढे. वापरलेलेच होते, पण नक्षी खोल, खाचांत आख्खी मूठ जाईल अशी. मी विचारलं, "मामा, हे काय ट्रॅक्टरचे आणलेस?" तू म्हणालास, "बस. रस्त्यानं सांगतो."

रस्त्यानं सांगितलंस. सरकारी टँकर वेशीपर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. आपली वस्ती नदीपलीकडं, मध्ये नुसती वाळू. साहेब म्हणाला, कागदावर तिकडं रस्ताच नाही, मी टँकर कसा पाठवू? आता नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार, मग रस्ते होतील. तोवर वस्तीनं वेशीत येऊन पाणी न्यावं. वेशीत आपल्या बायांचा नंबर शेवटी. तोंडानं कुणी म्हणायचं नाही, रांग आपोआप तशी लागायची. आणि तू स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालास, "माझी माय विहिरीवर उभी राह्यची, वरून कुणीतरी ओतंल म्हणून. मी न्हाई उभा राहणार. वस्तीचं पाणी वस्तीच्या गाडीत येईल. ज्या दिवशी जिल्हा व्हईल, रस्ता व्हईल, त्या दिवशी साधे टायर लावीन."

जिल्हा अजून व्हायचाय, मामा. या वर्षी पुन्हा होणार आहे म्हणतात. टायर तोवर काढायचे नाहीत, हा तुझा शब्द आहे. प्रशांतला वाटतं ही माझी जिद्द. अरे, जिद्द तुझीच, मी नुसती सांभाळून राहिले.

तुझ्या त्या खेपा मी डोळ्यांनी पाहिल्या. हायवेवर अन्ना नावाच्या शेतकऱ्याचा बोअर चालू होता. तिथं दोन ड्रम भरायचे, हायवेनं नदीपर्यंत यायचं, वाळूत शिरायच्या आधी चारी चाकांची हवा पंधरा पौंडापर्यंत सोडायची. टायर पसरतो, वाळू त्याला सांभाळते, गाडी रुतत नाही. यावर आपलं कधी भांडण झालं नाही. पाण्याचे पैसे तू घ्यायचा नाहीस. ज्याच्या घागरी भरल्या त्या घरचा एक माणूस रिकाम्या जीपमध्ये बसून अलीकडच्या काठाला यायचा, सोडलेली हवा पुन्हा भरायला पायपंपाला पन्नास पाय मारायचा आणि वाळूतून चालत परत जायचा. घरटी पन्नास पाय. एकदा सरपंचाचा पोरगा आपल्या वस्तीत सोयरिकीला आलेला, पाणी पिला म्हणून त्यालाही तू पंपावर उभं केलंस. तो धापा टाकत होता आणि तू मोजत होतास, "अडतीस, एकोणचाळीस, आरं, थांबू नको, अजून अकरा हायत."

भांडण होतं ते डांबरावरचं. वाळूत पंधरा, ठीक. पण हायवेला लागल्यावर किती? तुझं एकच, चारी चाकांत अडतीस. कारण टायरच्या अंगावर पन्नास छापलेलं. "कंपनी येडी हाय का? पन्नास लिव्हलंय. मी तर बारा कमीच मारून राहिलो." मी शंभरदा सांगितलं की ती शेवटची हद्द आहे, त्याच्या पुढं जाऊ नका म्हणून लिहिलेली. किती मारावी हे कंपनी सांगत नाही. तुझी जीप हलकी, टायर दांडगे, एवढी हवा त्यांना लागतच नाही. कडक टायर मधल्या भागावरच उभा राहतो, ब्रेक लागत नाही, खड्ड्यात गाडी उडते. पहिल्या सेटची मधली नक्षी पार गुळगुळीत झाली आणि कडा कोऱ्या राहिल्या, ते मी तुला बोट लावून दाखवलं. त्यावर तू काय म्हणालास? "आपले रस्तेच मधून चावतेत." आता तू गेलास म्हणून आज लिहिते, हे उत्तर ऐकून मी दोन दिवस हसत होते. तुला दाखवलं नाही.

आणि तू अडाणी होतास असंही नाही, म्हणून तर जास्त चीड यायची. भर दुपारी ट्रकवाले यायचे, टायर तापलेत, थोडी हवा सोड, फुटतील म्हणायचे. अख्ख्या रोडवर सगळी दुकानं सोडायची. तू एकटा सोडायचा नाहीस. "तापल्यावर काटा वर जातोच. आता सोडली तर सांजंला टायर बसंल, बसला की जास्त तापंल, मग फुटंल. सकाळी थंड असताना ये, मोजून देतो." हे मी आयटीआयच्या आधी तुझ्याकडून शिकले. एवढं कळणाऱ्या माणसाला अडतीसचं वेड कुठून लागलं, देव जाणे. देव नाही म्हणायचास तू. बरं, कुणीही न जाणे.

मी खडूची परीक्षा करून दाखवली ते आठवतं? सकाळी थंड टायर, नक्षीवर आडवी पांढरी रेघ ओढली, सरळ डांबरावर जीप थोडी पळवली आणि खाली उतरून बघितलं. अडतीसला रेघ फक्त मध्ये पुसली, कडांना तशीच. म्हणजे हवा जास्त. सोडत सोडत अठ्ठावीसला आणली तेव्हा रेघ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखी पुसली. चारी चाकांना. मी खडू हवेत उडवला. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "खडू वला असंल."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. नाही थांबले.

तू जायच्या दोन दिवस आधीची सकाळ. या उन्हाळ्याची तुझी पहिली पाण्याची खेप. दुकानात चार-पाच ट्रकवाले चहा पीत होते, आणि तू कॉम्प्रेसरची नळी घेऊन अडतीस मारायला बसलास. मी नळी हातातून ओढली. सगळ्यांसमोर म्हटलं, "किती अडाणीपणा करशील मामा? एकदा डोळ्यानं बघितलंस तरी कळत नाही?" कुणीतरी हसलं. तू माझ्याकडं बघितलंस. चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. "बरं. शिकलेल्या बाईच्या मनानं भर आज," एवढंच म्हणालास. मी चारीत अठ्ठावीस मारली, काटा तुझ्या नाकासमोर धरला, आणि तू ड्रम बांधून निघालास.

परत आलास तेव्हा सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मी विचारलं, "कशी चालली?" तू म्हणालास, "चालली की." तोंडावर पाणी मारलंस आणि बाजेवर पडलास. माझी मान ताठ. जिंकले होते ना मी.

दोन दिवसांनी छातीत कळ आली. नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, नळ्या आधीच बंद होत आलेल्या, आज नाहीतर उद्या होणारच होतं. मी ते वाक्य घट्ट धरून बसले होते. मग काल मांडव उठल्यावर, प्रशांतशी माझं वाजल्यावर, मामी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "सुजे, एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. त्या दिवशी पाणी घेऊन जाताना त्यांनी हायवेवरच्या लिंबाखाली गाडी थांबवली होती. मागची चाकं लई दबली व्हती, रबराचा वास यायला लागला म्हणले. भर उन्हात एकट्यानं पायपंपानं हवा मारली, दोन्ही चाकांत. मला म्हणले, सुजीला सांगू नको. पोरगी शिकून राहिली."

पोरगी शिकून राहिली.

मामा, तू असं का केलंस? येऊन माझ्या थोबाडीत द्यायची होतीस. त्या ट्रकवाल्यांसमोर मला अडाणी म्हणायचं होतंस. तिथं वस्तीतलं कुणी नव्हतं तुझ्या जागी पाय मारायला. दोन चाकं, तेवढे मोठे टायर, किती पाय मारलेस तू? माझ्या चुकीचे पाय तू एकट्यानं मारलेस आणि घरी येऊन "चालली की" म्हणालास. मला तुझा इतका राग आला की मी रडलेसुद्धा नाही. राग आला आणि मला माझी चूक समजली, दोन्ही एकदमच. खडूची परीक्षा मी रिकाम्या जीपवर केली होती. रिकाम्या! मागं दोन ड्रम पाणी बांधलेलं नसताना. पोरीनं आयटीआय केलं, आणि गाडीत पाणी असतं हेच विसरली.

म्हणून आज सकाळी उजाडल्यावर मी चावी मागायला घरात गेले. प्रशांत म्हणाला, "ताई, त्या माणसाला मी शब्द दिलाय." मामी चुलीपाशी होती. तिनं मागं वळून न बघता म्हटलं, "गाडी कुणाच्या नावावर हाय रं?" मामा, तू कधी सांगितलं नाहीस कुणाला, जीप तू मामीच्या नावावर केलेलीस! "माझी गाडी हाय. इकायची न्हाई. आन् सुजे, थांब, मीबी येते." तिनं पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली. प्रशांत बघत राहिला आणि मग मुकाट मागं चढला. मला वाटतं मी रस्त्यात गाडी पाडेन म्हणून आला असावा.

अन्नाच्या बोअरवर दोन्ही ड्रम काठोकाठ भरले. चाकं थंड, चारीत अठ्ठावीस. मी चारी टायरांवर खडूची रेघ ओढली आणि हायवेवर सरळ पट्ट्यात जीप काढली. उतरून बघितलं. पुढच्या दोन्ही चाकांची रेघ काठापासून काठापर्यंत साफ. मागच्यांची मध्ये जशीच्या तशी आणि फक्त कडांना पुसलेली. टायर ओझ्यानं बसला होता, कडांवर चालत होता, मध्ये डांबराला टेकतच नव्हता. मी तिथंच गुडघ्यावर बसले. मामी वरून म्हणाली, "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही. मामाचं खरं निघालं."

थोडी भरली, पुन्हा रेघ, पुन्हा पळवली. बत्तीसला नाही. चौतीसला मध्ये जरा पुसली. छत्तीसला सारखी. अडतीस करून बघितली, मध्येच जास्त पुसायला लागली. तेव्हा ऐक, मामा, नीट ऐक. छत्तीस. तुझी अडतीस नाही. आणि पुढं अठ्ठावीसच, तुझी अडतीस अजिबात नाही. मी हरले ते मागच्या दोन चाकांत, तेही दोननं कमीच. मेल्यावर सवलत मिळत नसते.

नदीत हवा सोडली, वाळू पार केली, वस्तीत पाणी उतरवलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. घागरी आत ठेवल्या आणि घरटी एक माणूस येऊन जीपमध्ये बसला. अलीकडच्या काठाला पंप काढला. "ताई, किती भरायची?" एकीनं विचारलं. रिकामी परत, म्हणजे चारीत अठ्ठावीस, माझी. भरलेली जाताना मागं छत्तीस, तुझी. जाताना तुझं खरं, येताना माझं. एवढं साधं होतं, आणि आपण वर्षानुवर्षं त्यावर घसा बसवला.

प्रशांत पुढं झाला. पुण्याच्या बुटांनी पंपावर पाय मारायला लागला. तिसाव्याला थांबला, कमरेवर हात, तोंड लालबुंद. मामी म्हणाली, "अजून वीस हायत." त्यानं मारले. मग तिनं चपला काढल्या आणि पंपावर उभी राहिली, गुडघे दुखतात तिचे तरी. आम्ही सगळे मोजत होतो. पन्नास झाल्यावरही ती थांबेना. तुझ्या वाटचे मारत असेल. कुणी अडवलं नाही. येताना प्रशांतनं मोबाइल काढून त्या धर्माबादवाल्याला सांगितलं की गाडी नाही मिळणार, घरची आहे.

परतीला लिंब आला तेव्हा मी जीप बाजूला घेतली. खाली काही नव्हतं, वाळलेला पाला आणि आपल्याच टायरांची नक्षी धुळीत उमटलेली, कडांना खोल, मध्ये पुसट. बारा-तेरा दिवसांत तिथं दुसरं कुणी थांबलं नव्हतं. दोघं गाडीत बसून राहिली, मी एकटी उतरले.

तिथं तुला मोठ्यानं सांगितलं, इथं लिहून ठेवते. मागच्या चाकांचं तुझं खरं होतं. मी चुकले. अडाणी मी होते. हे तू असताना बोलले असते, तर महिनाभर तू दुकानात येईल त्या प्रत्येक ट्रकवाल्याला चहा पाजून सांगत बसला असतास, माझी भाची मला काय म्हणाली माहीत हाय का म्हणून.

सांगायचं होतंस की, मामा. मी काही म्हणाले नसते.